मिस्सेत तुमचं मन लागतं का?

"तुम्ही सतत देवाच्या दारात, तुमचं मन मिस्सेत छान लागत असेल!" असं कुणी म्हटलं की आजवर मी हसून वेळ मारून नेली. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सांगतो: मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, माझं मन नाही लागत.

मी चर्चमध्ये वेदीची तयारी करतो. फादर प्रवचनाला उभे राहिले की लोक शुभवर्तमानाचा अर्थ ऐकतात, मी माइकची खरखर ऐकतो. गर्दीकडे पाहतो तेही माणसं मोजायला. मिस्सेत लोकांना द्यायच्या पवित्र भाकरी कमी पडल्या तर ऐनवेळी फादरना एकेकीचे तुकडे करत बसावं लागतं.

शनिवार तर माझ्या वाट्याला येतच नाही. जुन्या यहुदी रिवाजात दिवस संध्याकाळीच सुरू होतो. त्याच धर्तीवर कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायद्यानुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला आलं तरी रविवारी मिस्सेला येण्याचं कर्तव्य पुरं होतं. लोकांची सोय झाली, माझा रविवार आदल्या दिवशीच सुरू झाला. त्यात दुपारी लग्न असलं की संपलंच. जोडपं फोटो काढत असतं आणि मी गालिच्यावरचं मेण काढत असतो: सुकलेलं खरवडायचं, उरलेल्यावर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. मग वेदीच्या दर्शनी बाजूचं लग्नाचं पांढरं वस्त्र उतरवून साध्या रविवारचं हिरवं घालायचं. एकदा हे विसरलो होतो. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आज पण लग्न आहे?"

रविवारी शेवटची मिस्सा संपली की बाकांखालून एक फेरी. चष्मा, एकाच कानातलं, छत्री. छत्र्यांना तर कधीच कुणी वाली नसतो.

मग मात्र माझी वेळ येते. कॅलिक्स, म्हणजे मिस्सेत पवित्र द्राक्षारस पितात तो प्याला, पुसायचे पांढरे रुमाल मी हातानेच धुतो. त्या द्राक्षारसाचा अंश असतो म्हणून त्यांचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नसतं, ते मातीतच जायला हवं. काही चर्चमध्ये त्यासाठी थेट जमिनीत जाणारी मोरी असते. आमच्याकडे नाही, म्हणून मी ते मागच्या झाडाच्या बुंध्याशी ओततो. या कामात घाई नसते, माइक नसतो, मोजायचं काही नसतं.

गेल्या महिन्यात एका रुमालावर गडद लाल लिपस्टिकचा डाग होता. तसा रंग आमच्याकडे एकच बाई लावते. वडिलांच्या दफनविधीनंतर दोन वर्षं ती चर्चची पायरी चढली नव्हती. मिस्सेत मी तिला पाहिलंच नव्हतं, पाहिलं असेल तर फक्त मोजलं होतं. रुमाल हातात धरून मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो, तिच्यासाठी आणि तिच्या वडिलांसाठी.

डाग दुसऱ्या पाण्याला निघाला.