दोन काट्यांवरून ठरलेली जात

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका ओढ्याकाठी, पावसाळा ओसरल्यावर, पांढऱ्या पडद्यामागे अतिनील दिवा लावून पकडलेल्या कॅडिसमाश्यांची (पतंगासारखे दिसणारे, अळ्या पाण्यात वाढणारे कीटक) कुपी प्रयोगशाळेत उघडली, तेव्हा त्यांत वेगळे असे काहीच जाणवले नव्हते. अंग काळपट, पंखांवर खवल्यांऐवजी बारीक केस आणि लांबी जेमतेम सहा मिलिमीटर. डोक्यावर तीन साधे नेत्र, जबड्याच्या स्पर्शिकेचा शेवटचा खंड लांब व वळ्यावळ्यांचा, आणि पुढच्या, मधल्या व मागच्या नडग्यांवर अनुक्रमे एक, चार, चार टोकदार आरा. एवढ्यावरून त्या फिलोपोटॅमिडी कुळातल्या किमारा या जीनसच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) आहेत, हे पाच मिनिटांत ठरले. खरे काम तिथून पुढचे होते, कारण या जीनसमधल्या कित्येक जाती बाहेरून सारख्याच दिसतात आणि त्यांची ओळख नराच्या जननावयवांवरूनच पटते.

त्या दिवशी एका नराचे पोट चिमट्याने अलग करून मी ते तापवलेल्या लॅक्टिक आम्लात ठेवले. आतले मांस विरघळून नुसते कवच उरले, की प्रकाश आरपार जातो आणि आतली रचना दिसू लागते. पोट ग्लिसरीनच्या थेंबात आडवे केले, तेव्हा दहाव्या खंडाच्या बाजूच्या पाळ्या आणि नवव्या खंडाच्या तळाशी असलेला टोकदार उंचवटा दोन्ही ओळखीचेच वाटले. मात्र सुईच्या टोकाने पोट फिरवून मागून पाहिले, तर खालच्या उपांगांच्या (मिलनात मादीला धरणाऱ्या जोडीच्या) बुडाशी आत वळलेला एक ठसठशीत दात होता, आणि शिश्नाच्या आतल्या पातळ पडद्यात दोन काटे होते, पैकी डावा उजव्याच्या जवळजवळ दुप्पट. अशी जोडी मी कोणत्याही आकृतीत पाहिलेली नव्हती.

आमच्या बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "छान आहे. आता बाकीचे नर उघडा." त्यांचा रोख माझ्या लक्षात आला. तो पडदा कधी आत ओढलेला असतो, तर कधी बाहेर उलटलेला, आणि त्याबरोबर काट्यांची जागा व दिशा इतकी बदलते की एकाच जातीचे दोन नर दोन जातींचे वाटावेत. एका नमुन्यावर नवी जात उभी करण्याची घाई या क्षेत्रात पूर्वी पुष्कळ झाली आहे, आणि तिचे निस्तरणे नंतरच्यांच्या वाट्याला येते. त्यामुळे कुपीतले सगळे नर एकेक करून साफ केले. कुणाचे काटे आत दडलेले होते, कुणाचे बाहेर फेकलेले; पण लांबीतला फरक आणि उपांगाचा दात प्रत्येकात जसाच्या तसा होता.

मग जुन्या वर्णनांशी ताडून पाहणे आले. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ मार्टिन मोस्ली यांनी भारतीय कॅडिसमाश्यांवरील लेखमाला १९३३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली, आणि तिच्यातील आकृत्या आजही टाळून पुढे जाता येत नाही. काही जुन्या आकृत्यांत मात्र अवयव फक्त एका बाजूने काढलेला असतो. आमचा दात तर मागून पाहिल्याशिवाय दिसतच नाही. अशा शंकास्पद जातींसाठी मूळ नमुन्यांची छायाचित्रे मागवावी लागली, आणि ती मनासारख्या कोनातून मिळेपर्यंत हस्तलिखित थांबवले. माझ्या मते आकृती हाच वर्णनाचा गाभा आहे; शब्द कितीही नेमके असले, तरी "किंचित वक्र" म्हणजे किती, हे ज्याचा तो ठरवतो. म्हणून बाजूने, वरून, खालून आणि मागून अशा चारही आकृत्या काढल्या, आणि शिश्नाची आकृती पडद्याच्या दोन्ही स्थितींत दिली.

१९९९ नंतर दिलेल्या जातीच्या नावाला होलोटाइप (त्या नावाचा आधार ठरणारा एकच नमुना) किंवा सिनटाइप (अशा नमुन्यांचा संच) स्पष्टपणे नेमलेला असणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार हे लेखात सांगणे, नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी उघडलेल्या नराचा पडदा अर्धवट दुमडलेला असल्याने होलोटाइप म्हणून दुसरा, दोन्ही काटे पूर्ण दिसणारा नर निवडला, आणि त्याचे साफ केलेले पोट ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत घालून नमुन्यासोबतच ठेवले.

दिव्याच्या त्याच पांढऱ्या पडद्यावर, त्याच रात्री आलेल्या माद्या मात्र वर्णनात घेतल्या नाहीत. ओढ्यावर किमाराच्या आणखीही जाती होत्या, आणि कोणती मादी कोणाची हे नुसत्या शरीररचनेवरून खात्रीने सांगता येईना. त्या वेगळ्या कुपीत, डीएनए जुळवणीसाठी, शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवल्या आहेत.