कपाटातला बल्ब: तिसरा पावसाळा

वेंगुर्ल्याच्या घरी पुस्तकांच्या कपाटात खालच्या खणात पावसाळाभर बल्ब पेटता ठेवतो, नाहीतर आषाढातच पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. चार महिने म्हणजे जवळपास २,९०० तास. हजार तास टिकणारे, टंगस्टनच्या तारेचे ६० वॉटचे तीन बल्ब दरवर्षी उडायचे. दोन वर्षांपूर्वी वायरीत ४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) घातला. तेव्हाचाच बल्ब आज तिसऱ्या पावसाळ्यात पेटतोय.

डायोड अर्धी लहर अडवतो, त्यामुळे बल्बला २३०ऐवजी १६३ व्होल्टएवढाच जोर मिळतो. (साधा मल्टिमीटर अर्ध्या लहरीवर चुकीचा आकडा दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका.) वॉटमीटरवर ३५ वॉट, उजेड मात्र तिसरा हिस्साही नाही. डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमीजास्त करायच्या यंत्राने) नुसते २०७ व्होल्ट दिले तेव्हा ५१ वॉट आणि सत्तर टक्के उजेड मिळाला. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की आयुष्य सुमारे चौपट होतं, कारण ते व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. तार थोडी थंड राहिली तरी टंगस्टनची वाफ खूपच कमी होते. याच हिशेबाने डायोडवर नव्वदपट आयुष्य निघतं, पण ते मला पटत नाही. तिथवर पोचण्याआधी खारी हवा होल्डर खाईल.

पडवीत मात्र हाच डायोड लावून मी चूक केली. पहिल्याइतका उजेड हवा तर असे तीन बल्ब लागतात, म्हणजे १०५ वॉट. हजार तासांत ४५ युनिट जादा, आणि वाचतो काय तर एक बल्ब. शिवाय पिवळा लुकलुकता उजेड डोळ्यांना टोचतो. तो काढून टाकला. अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला बल्ब १९०१पासून जळतोय, पण आज तो जेमतेम चार वॉटचा आहे, हे त्याचं कौतुक करताना सांगायला हवं. १९२४मध्ये बल्ब कंपन्यांनी संगनमताने हजार तासांची मर्यादा घातली, ते वाईटच. तरी उजेड हवा असेल तर हजार तास हा आकडा अगदीच वेडगळ नाही.

कपाटात उजेड कोणाला हवाय? तिथे ऊबच कामाची, आणि ३५ वॉट पुरतात. बल्बभोवती जाळी आहे, पुस्तकं वीतभर लांब.

थंड तारेचा रोध नवा असताना ६४ ओहम होता, काल ६५ भरला. तार झिजेल तसा तो चढेल. काच अजून काळवंडलेली नाही. होल्डरच्या पिना हिरव्या पडल्यात, त्या उद्या घासायच्या आहेत.