चारचौघांची गाडी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एखाद्या गाडीच्या सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आलेलं पोर दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. पोर हात पसरून वारा खातंय, आई खालून त्याचा व्हिडिओ काढतेय, आणि बाबांनी काटा शंभरावर नेलाय. एकदा करकचून ब्रेक लागला तर काय होईल, हे कुणाच्या डोक्यातही नसतं. टपावरच्या त्या काचेपायी वरचं मॉडेल घेऊन बरेच पैसे जादा मोजलेत, ते वसूल होतायत. आपल्याकडे चार महिने टपावर पापड वाळावेत असं ऊन, चार महिने पाऊस, आणि उरलेले चार महिने रस्त्याचं काम चालू असल्यामुळे धूळ. यातल्या कुठल्या मोसमात ती काच उघडायची, हे शोरूममधल्या एकाही पोराने मला अजून पटेल असं सांगितलेलं नाही.

मला गाड्यांचं वेड आहे, पण ते जरा खालच्या पट्टीतलं. जमिनीला टेकलेली लालभडक विदेशी गाडी दिसली की ही आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर चढेल का, एवढीच मला काळजी वाटते. माझा जीव रमतो तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या, हप्त्यांवर घेतलेल्या, सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेल्या गाड्यांत. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाला गाडी घ्यायची असली की फोन मला येतो. परवा मावसभावाचा आला, ‘दादा, कुठली घेऊ?’ कुठली घ्यायची हे तोवर ठरलेलं असतं, रंगसुद्धा ठरलेला असतो. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तरी मी बोलतो, कारण विचारल्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की लोक गाडी बाहेरून बघून घेतात, आणि पुढची दहा वर्षं बसतात मात्र आत. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय, तर शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एसी पूर्ण सोडून आणि गाणी लावून मारलेली एक फेरी. शेजारी बसलेला मुलगा सारखा स्क्रीन किती इंचांची आहे ते सांगत असतो. त्यापेक्षा गाडी उभी असतानाच पाच मिनिटं गुपचूप आत बसावं. मांडीखाली सीट कुठपर्यंत पोचते? काचेच्या कडेचा खांब किती जाड आहे? हल्लीच्या गाड्यांत तो इतका जाड असतो, की उजवीकडे वळताना त्याच्यामागे आख्खी स्कूटर बायकोमुलांसकट दडते. एसी कमी-जास्त करायला हाताला बटण लागतं, की रस्त्यावरची नजर काढून स्क्रीनवर बोट फिरवावं लागतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईला सोबत न्यावं. साडी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला मागच्या सीटवर चढता-उतरता येतं का, ही परीक्षा लाखोंच्या गाड्या नापास होतात. १९९९ साली वॅगन आर आली तेव्हा लोक तिला डबा म्हणून हसले. दिसते ती डब्यासारखीच, पण तिची सीट बरोबर कमरेच्या उंचीवर येते, वाकावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. भारतातल्या रस्त्यांवर याहून शहाणी गाडी मला दिसलेली नाही. असं मी चारचौघांत म्हणालो की गाडीवेडे मित्र विषय बदलतात.

मग येतो आपला राष्ट्रीय प्रश्न, ‘किती देते?’ माहितीपत्रकावर छापलेला तो आकडा प्रमाणित करून देणारी एआरएआय ही संस्था आमच्या कोथरूडच्या टेकडीवर आहे. गाडी तिथे रोलरवर उभी करतात आणि वेग किती वाढवायचा, किती कमी करायचा हे आधीच आखून दिलेलं साधारण वीस मिनिटांचं वेळापत्रक तिच्याकडून करून घेतात. एसी बंद, मागे सासुरवाडीची माणसं नाहीत, पुढे रिक्षा नाही. आकडा खोटा नसतो, पण टेकडी उतरून खाली कर्वे रोडवर आलं की तो लागू होत नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो वापरावा, घरखर्चाच्या वहीत लिहू नये.

डिझेलवाल्यांना मी पाटीपेन्सिल घेऊन बसवतो. रोजचं जाणं-येणं वीस किलोमीटर, म्हणजे वर्षाला सात हजारांच्या आसपास. पेट्रोलची गाडी सोळा देते आणि डिझेलची एकवीस, असं धरा. आजच्या पुण्यातल्या भावाने वर्षाला पंधरा हजार वाचतील. डिझेलचं मॉडेल लाखभराने महाग असतं, तेव्हा ते पैसे फिटायला सहा-सात वर्षं गेली. तोवर गाडी विकायची वेळ येते. नाशिकहून रोज भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्याने डिझेल घ्यावं, शहरातल्या शहरात ऑफिसला जाणाऱ्याने कशाला?

गाड्यांचे आकार बघून कुणाला प्रश्न पडतो की नाही माहीत नाही, मला नेहमी पडायचा. कितीतरी गाड्यांची लांबी बरोबर ३९९५ मिलिमीटर का असते? उत्तर अर्थसंकल्पात आहे. २००६ साली सरकारने चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं, आणि देशभरातल्या इंजिनिअरांनी मोजपट्ट्या काढल्या. डिक्कीच्या गाड्यांचं शेपूट छाटलं गेलं. आधी टाटाच्या इंडिगोचं, मग २०१२ मध्ये मारुतीच्या डिझायरचं. त्या छाटलेल्या डिझायरकडे मागून बघितलं तर न्हाव्याने घाईत केस कापल्यासारखं वाटतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटीचे दर बदलले, लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के झाले, पण चार मीटरची रेघ जागची हलली नाही. आपल्या गाड्यांचं सौंदर्य ठरवण्यात चित्रकारांपेक्षा कारकुनांचा हात मोठा आहे.

सुरक्षेबाबत मात्र लोक बदलले, हे कबूल करायला हवं. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून बघितल्या आणि पाचही शून्य तारे घेऊन बाहेर आल्या. २०१८ च्या डिसेंबरमध्ये रांजणगावात बनणाऱ्या टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि तेव्हापासून मावसभावासारखा माणूससुद्धा ‘तारे किती?’ विचारायला लागला. पण हाच माणूस मागच्या सीटवर बसून पट्टा लावत नाही. पाच तारे पट्टा लावलेल्या पुतळ्यांनी मिळवलेत, हे त्याला सांगून मी थकलो.

बजेट कमी असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली गाडी घ्यावी, असं माझं मत आहे आणि ते घरात कुणालाच आवडत नाही, कारण जुन्या गाडीसमोर नारळ फोडताना शेजारी बघायला येत नाहीत. बघायला जाताना एक करावं. सीटचा पट्टा धरून पार शेवटपर्यंत बाहेर ओढावा. पट्ट्याचा आतला भाग कुणी धूत नाही. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. अशा गाड्या पॉलिश मारून दुसऱ्या जिल्ह्यात आल्या, तरी पट्ट्यावरची चिखलाची रेघ आणि सीट मागेपुढे सरकते त्या रुळांचा गंज बोलतो.

आता चालवण्याबद्दल. दमदार इंजिनाची मोठी गाडी घेऊन ती आयुष्यभर चाळीसच्या वेगाने सिंहगड रोडवर चालवण्यात मला काही मजा वाटत नाही. तिथे ऑटोमॅटिक घ्यावी, नाहीतर क्लच आणि गिअर स्वतःच सांभाळणारी एएमटी घ्यावी, डावा पाय मोकळा ठेवावा. यात कमीपणा कसला? पण पावसाळा ओसरल्यावर मुळशीमार्गे ताम्हिणी घाटात एखादी हलकी, हाताने गिअर टाकायची छोटी गाडी घेऊन जावं. १९८३ ची मारुती ८०० साडेसहाशे किलोंच्या आसपास होती, इंजिन जेमतेम ७९६ सीसीचं, चाकं बारा इंची. अशी हलकी गाडी ताम्हिणीच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये घातली, की इंजिनचा आवाज चढतो, स्टीअरिंगमधून रस्त्याची खडीसुद्धा हाताला कळते, आणि काटा बघावा तर पंचेचाळीस! गाडी पूर्ण ताकदीने पळतेय आणि कायदाही मोडत नाहीये. हे सुख बाराशे किलोंच्या एसयूव्हीत बसून मिळत नाही. ती तेच वळण जांभई देत घेते.

घाट उतरताना मात्र एक गोष्ट बघून मला घाम फुटतो. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे लोक. ही कार्ब्युरेटरच्या काळातली बचत आहे, काकांनी पुतण्यांना शिकवलेली. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की तिचा संगणक पेट्रोलच बंद करतो. उतार चाकं फिरवतो आणि चाकं इंजिन. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं, शिवाय गाडी अडवायला उरतात फक्त ब्रेक, आणि ते तापले की पाय नुसताच खाली जातो. काही महाभाग तर चावीच बंद करतात. मग ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टीअरिंग वळायचं नाव घेत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ट्रकवाले सांगायचे, आणि तेच आजही बरोबर आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी असा नियमही आहे. तो पाळला तर मागून हॉर्न वाजतो, तो वाजू द्यावा.

एवढं सगळं ऐकून मावसभावाने विचारलं, ‘मग गाडीत वरून काय बसवून घेऊ?’ त्याच्या मनात अलॉय व्हील आणि निळे दिवे होते. मी म्हटलं, काही नको, टायरमध्ये हवा भर. गाडी रस्त्याला टेकते ती चार पंजांएवढ्या जागेवर, बाकी सगळं हवेत. तरी पंपावरच्या पोराने ‘किती टाकू?’ विचारलं की माणसं ‘पस्तीस टाक’ असं बेधडक सांगतात. ड्रायव्हरच्या दारालगत एक स्टिकर असतो, त्यावर आकडा छापलेला आहे, भरलेल्या गाडीचा वेगळा, रिकाम्या गाडीचा वेगळा. हवा सकाळी टायर थंड असताना भरावी. आणि डिक्की उघडून, सामान बाजूला करून स्टेपनीतही भरावी. ती गाडीत आहे की कंपनीने तिच्याऐवजी नुसता पंक्चरचा डबा ठेवलाय, हेही त्यानिमित्ताने कळेल.