लळिंग, सोनगीर, साक्री: उथळ चुनखडीच्या माळांवर दोन दिवस

या दोन दिवसांत माळाची माती किती खोल आहे आणि चुना कुठे आहे, ते सळई ठोकून आणि आम्ल टाकून बघायचं. धुळ्याहून निघण्याआधी एक खुलासा. या भागातल्या माळाला चुनखडीचा म्हणतात, म्हणून खाली चुनखडक असेल असं समजून गेलात तर फसाल. खाली बेसाल्टच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. चुना त्या खडकातल्याच खनिजांतून सुटतो. पावसाचं पाणी तो विरघळवून खाली नेतं, पण इथला पाऊस सहाशे मिमीच्या आतबाहेर. एवढ्याने चुना पार वाहून जात नाही. ओल जिथवर पोचून सुकते तिथेच तो साकळतो, कधी सुट्या खड्यांसारखा, कधी मुरमाच्या भेगांत पांढऱ्या सालीसारखा.

दिवस निवडायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. गवत उभं असतं, फुलोऱ्यावरून ओळखता येतं आणि जमिनीत थोडी ओल असल्याने सळई आत जाते. पावसाळ्यात माळ निचऱ्याचा असतो, पण माळापर्यंतचे गाडीरस्ते काळ्या जमिनीतून जातात आणि तिथे गाडी रुतते. एप्रिल-मे विसरा.

सोबत १० किंवा १२ मिमी जाडीची, मीटरभर लांबीची सळई घ्या. दर ५ सेंमीला करवतीने खूण करा, कारण रंगाच्या खुणा दहा ठोक्यांत पुसल्या जातात. शिवाय छोटी पहार, टिकाव, दोन किलोचा हातोडा, टेप, पाण्याची बाटली आणि आम्ल. बाजारातलं तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल एक भाग, पाणी तीन भाग, आणि नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. ड्रॉपर लावलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. संडास साफ करायचं निळं द्रव ऐनवेळी चालतं, पण ते दाट असल्याने बारीक फसफस कळत नाही. कुरण वनखात्याचं असेल तिथे परवानगीशिवाय एकही खड्डा खणू नका.

पहिला मुक्काम लळिंग. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या दक्षिणेला किल्ल्याचा डोंगर दिसतो, त्याच्या अंगाखांद्यावर कुरण आहे. इथे उतार वाचायला शिकावा. माथ्याकडे वीतभरही माती नसते, मधल्या उतारावर दगडगोट्यांत अडकलेली माती असते आणि पायथ्याला ती झपाट्याने खोल होते. मृदा सर्वेक्षणात २५ सेंमीच्या आतली जमीन अति उथळ आणि ५० पर्यंतची उथळ धरतात. मधल्या उतारावर तुम्ही बहुधा पहिल्या वर्गात असाल.

सळईची चूक इथेच होते. ती पहिल्या मोठ्या दगडाला अडते आणि आपण खोली १० सेंमी लिहून मोकळे होतो. एका जागी हातभर अंतरावर पाच ठोके मारा आणि सगळे आकडे लिहा. पाचही जवळपास सारखे आले तर खाली सलग थर आहे. एक ३५ आणि बाकी १२ आले तर दगड आहेत आणि मधे भेग आहे. झाडाच्या दृष्टीने तो एकटा ३५ सगळ्यात कामाचा. आवाजही ऐका: घट्ट बेसाल्टवर सळई टणकन वाजते, मांजऱ्यावर बोथट आवाज येतो आणि टोकाला भुगा लागतो. मांजऱ्या म्हणजे पोकळ्या-पोकळ्यांचा मऊ खडक, विहीर खणणाऱ्याला विचारा. त्या पोकळ्यांतलं पांढरं सगळं चुना नसतं. बरंचसं झिओलाइट नावाचं वेगळं खनिज असतं, त्यावर थंड आम्ल टाकलं तर सहसा काही होत नाही. कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज असेल तर लगेच फसफसतं.

आम्ल आधी मातीवर टाका, मग खड्यावर. बारीक मातीच फसफसली तर चुना सगळीकडे भिनलाय. सामू (पीएच) बहुधा आठाच्या आसपास किंवा वर असणार आणि लोह, जस्त, स्फुरद (फॉस्फरस) पिकाला नीट मिळणार नाही. फक्त खडे फसफसले तर एवढी चिंता नको. पायथ्याच्या सपाटीवर पांढरी पूड दिसली की लोक तिलाही चुनखडी म्हणतात, पण ती क्षारांची असू शकते. आम्लावर इथे विसंबू नका, कारण चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीतला सोडाही फसफसतो. चिमूटभर पूड पाण्यात ढवळा: क्षार विरघळतात, चुना तळाशी बसतो.

दुपारी महामार्गाने उत्तरेला सोनगीर, धुळ्यापासून वीसेक किलोमीटर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी गाव प्रसिद्ध आहे, पण आपलं काम रस्त्याकडेच्या मुरमाच्या खाणींत. खाणीची उभी भिंत म्हणजे फुकटचा खड्डा. वर माती, मग मुरूम, मग फुटका खडक, आणि चुन्याची साल कुठल्या थराशी आहे ते सरळ दिसतं. मुळं कुठपर्यंत गेलीत ते मोजा. ताज्या खाणीत कडेखाली उभं राहू नका.

इथे एक हिशेब करून बघावा. माती २० सेंमी, त्यात ४० टक्के दगड, म्हणजे खरी माती १२ सेंमी. पोयट्याची माती सेंमीमागे साधारण दीड मिमी पाणी झाडाला देते, म्हणजे साठा १८ मिमी. पावसाने ओढ दिली की गवत दिवसाला ४-५ मिमी उचलतं. चार दिवसांत टाकी रिकामी! माळ ऑगस्टमध्येच पिवळा का पडतो याचं उत्तर चुन्यात शोधू नका, ते या आकड्यात आहे.

म्हणून दगड वेचून माळ साफ करण्याची हौस आम्हाला पटत नाही. वरचा दगड थेंबाचा मार झेलतो आणि खालची ओल झाकतो. सगळे दगड उचलले की दोन पावसांत माती नाल्यात. सलग समतल चराचंही तसंच, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या लांब चराचं. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर १५ सेंमीच्या मातीत खणला की वरची माती खाली गाडली जाते आणि भरावावर कोरडा मुरूम येतो, त्यात बी रुजत नाही. अशा जागी समपातळीवर दगडी बांध बरा: १०-१५ सेंमी पाया खणून मोठे दगड खाली, चढाच्या बाजूला बारीक दगड, उंची फूट-दीड फूट. उंचीत मीटरभर फरक पडला की पुढचा बांध. समपातळी ए-फ्रेमने (इंग्रजी A च्या आकाराच्या, ओळंबा लावलेल्या चौकटीने) काढा, नजरेने काढलेली हमखास चुकते आणि सखल जागी बांध फुटतो.

दुसरा दिवस सुरत रस्त्याने साक्रीकडे, पंचावन्नेक किलोमीटर. वाटेत पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद, लांबलचक टेकड्या दिसतात. त्या डाइक, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती. आजूबाजूचा खडक झिजला, त्या उरल्या. चढाच्या बाजूची माती भिंतीशी अडून बहुधा जास्त खोल असते. दोन्ही बाजूंना सळई मारून बघा.

गवत खोलीची खबर देतं. शेडा, पवना दिसले तर जमिनीत अजून दम आहे. मारवेल पायथ्याच्या ओलीत. नुसती कुसळी म्हणजे माती उथळ किंवा चराई जास्त, आणि तरवड माजला असेल तर गुरांनी बाकीचं सगळं संपवलंय. कुसळी फुलोऱ्यात असतानाच कापावी. नंतरची कुसळं मेंढ्यांच्या तोंडात आणि लोकरीत रुततात. या पट्ट्यातल्या ठेलारी मेंढपाळांना कुठला माळ कधी संपतो हे विचारा, 'दादा' म्हणून बसून, फोटो नंतर. झाड लावायचंच तर अंजन, बोर, हिंगणबेट भेगेच्या जागी लावा. मोसंबी-लिंबू चुनखडीत पिवळे पडतात.

दगड उलटताना पलीकडची कड आपल्याकडे ओढा, म्हणजे दगड आपल्या आणि फुरशाच्या मधे राहतो. बघून झालं की तो होता तसा ठेवा. खड्डे बुजवताना आधी मुरूम, वर माती. उघडा राहिलेला खड्डा रात्री मेंढीचा पाय मोडतो.