तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे किल्ले सारखेच नाहीत का?

थंडी पडली की आम्ही मित्र गाडी काढतो आणि कोकण किनाऱ्याने किल्ले बघत खाली उतरतो, हे ज्यांना माहितीये ते हमखास एकच विचारतात, की अरे सगळीकडे तेच काळे दगड नि तीच पडकी तटबंदी, एक बघितला की झालं ना? म्हणून एकदाच नीट लिहितो.

एकच बघितलात तर कंटाळाल, मान्य. ओळीने बघितलेत तर नाही. कारण प्रत्येक किल्ला समुद्राशी आपापल्या पद्धतीने भिडलाय, आणि ते कळायला बुरुज नि तोफा मोजत बसायची गरज नाही, दोन दगडांच्या मधे काय आहे ते बघायचं. आमच्यातला एक सिव्हिलवाला आहे, तो कुठल्याही किल्ल्यावर पोचला की आधी तटाच्या बाहेरच्या अंगाला जाऊन सांध्यावरून हात फिरवतो, बाकी सगळं नंतर. आता आम्हा सगळ्यांनाच ती सवय लागलीये.

अलिबागचा कुलाबा घ्या. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं, ते वारले १७२९ साली, समाधी अलिबागेतच आहे, तिथे आधी जा. किल्ल्याच्या तटात मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मधे चुना नाहीच. लाट आपटली की पाणी फटींमधून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. भिंतीने पाण्याला अडवायचं नाही, वाट द्यायची. हे ज्या कुणाला सुचलं असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आणि मग मुरूडचा पद्मदुर्ग. मुरूडला सगळे जंजिरा बघून परततात, जंजिरा बघाच, होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही हे स्वतः अनुभवायलाच हवं, पण महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर जो किल्ला उभा केला तो राहून जातो. तिथे कुलाब्याच्या बरोब्बर उलट. दगड चुन्यात बसवलेले, आणि साडेतीनशे वर्षांत खाऱ्या वाऱ्याने दगड खाल्ला पण चुना तसाच राहिलाय. म्हणजे भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी झालीये, कडा चुन्याच्या आणि आतला दगड झिजून खोलगट झालेला, बोटं घातली तर आत जातात आणि वर चुन्याची कड हाताला घट्ट लागते. दगडापेक्षा चुना टिकला! आम्ही तिथून हलायलाच तयार नव्हतो, होडीवाले काका खालून हाका मारत होते. होडी दरवेळी मिळतेच असं नाही, समुद्र शांत असेल तरच नेतात, आदल्या संध्याकाळी कोळीवाड्यात जाऊन विचारून ठेवा.

तिसरा सिंधुदुर्ग, मालवणचा. २५ नोव्हेंबर १६६४ ला पाया घातला आणि त्या पायात शिसं ओतलं. बिनचुन्याचा तट, चुन्याचा तट आणि शिशाचा पाया, हे तिन्ही एकाच किनाऱ्यावर आहेत, आता सांगा सारखे कसे?

मधे रेवदंडा आणि कोर्लई लागतात, दोन्ही पोर्तुगीजांचे. रेवदंड्याला तर गाडीचा रस्ताच किल्ल्याच्या तटातून आत जातो, लोक किल्ल्यातून जातायत हे त्यांच्या गावीही नसतं. कोर्लईच्या पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीज वळणाची वेगळी बोली बोलतात, चहाच्या टपरीवर पाच मिनिटं जास्त बसलात तर कानावर पडते.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले आले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या किनाऱ्याचे. फार आनंद झाला. पण पद्मदुर्ग आणि कुलाबा त्यात नाहीत म्हणून ते टाळू नका एवढंच कळकळीने सांगेन, आणि कुठेही गेलात तरी प्लीज तटावर नावं कोरू नका, तो चुना आपल्या नावासाठी टिकलेला नाहीये.

आता भरतीचं, कारण कुलाब्याला चालत जायचं तर ओहोटीच लागते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास, पण तेव्हा पाणी फारसं मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप मागे जातं पण वेळ येते सकाळ-संध्याकाळची सहाची. तेव्हा हॉटेलचं बुकिंग करायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघा, आणि पाण्यात पाय घालायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा.

दोनच दिवस असतील तर अलिबाग ते मुरूड एवढंच करा, वाटेत रेवदंडा आणि कोर्लई होतातच. चार-पाच दिवस असतील तर आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीत गाडी घाला, पुढे बागमांडल्याहून वेसवीला, हर्णैला मुक्काम टाकून सुवर्णदुर्ग, मग दाभोळहून धोपाव्याला उतरून अंजनवेलचा गोपाळगड. हायवेने गेलात तर लवकर पोचाल, पण यातलं काहीच लागणार नाही वाटेत. आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात, दिवाळी झाल्यावरच निघा.