बर्फाचा रकाना नसलेला फॉर्म : एका मायक्रोवेव्ह लिंकची मंजुरी

आमच्या लिंक-मंजुरीच्या फॉर्मात पावसासाठी तीन रकाने आहेत, बर्फासाठी एकही नाही. नवी मुंबईतल्या महापेत बसून हिमाचलमधल्या एका हॉपचं (दोन मास्टवरच्या डिशमधल्या बिनतारी मायक्रोवेव्ह दुव्याचं) डिझाइन मंजूर करून घेताना घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. साइट सर्व्हे, लाइन ऑफ साइट, मास्टची साकफा (फ्रिक्वेन्सी-वाटपाच्या सरकारी समितीची मंजुरी), फ्रिक्वेन्सीचे कागद हे सगळं आपापल्या गतीने सरकलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. अडकलं ते घरच्याच रिव्ह्यूमध्ये.

फॉर्मचा तसा दोष नाही. तो बनला ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लिंकसाठी. इथे शत्रू एकच, जुलैचा पाऊस. ताशी ९० मिमी पडायला लागला की १८ गिगाहर्ट्झवर उभ्या पोलरायझेशनलासुद्धा (लहरीचं विद्युत क्षेत्र उभं ठेवलं तरी) किलोमीटरमागे सुमारे ७ डीबी (सिग्नल किती घटला याचं माप) जातात, १५ वर साडेपाचच्या आसपास, आणि ७ गिगाहर्ट्झवर जेमतेम एक. म्हणून ऐरोली, रबाळे इथले हॉप आखूड ठेवायचे, मार्जिन (सिग्नल घटला तरी लिंक टिकेल एवढी राखीव ताकद) भरपूर ठेवायचं आणि पावसाळा काढायचा. ज्यांनी वर्षानुवर्षं हेच केलंय, त्यांच्या हातात हिमाचलचा कागद गेला की ते आधी पावसाचाच आकडा शोधणार.

आमचा हॉप १४ किलोमीटरचा. एक टोक गावालगत दोन हजार मीटरच्या आसपास, दुसरं त्याच्या वरच्या धारेवर. १५ गिगाहर्ट्झ, दोन्हीकडे ०.६ मीटरची डिश, २० डीबीएम पॉवर. मोकळ्या हवेतला लॉस सुमारे १३९ डीबी, दोन डिशचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटल्याचा फायदा) मिळून ७४ च्या जरा खाली, म्हणजे कोरड्या दिवशी आरएसएल (समोर पोचणाऱ्या सिग्नलची पातळी) उणे ४५. आमच्या रेडिओचं २५६ क्वॅम (डेटा दाटून पाठवायची पद्धत) उणे ६६ पर्यंत तग धरतं. मार्जिन २१ डीबी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

पुढे फॉर्म दोन टेबलांमध्ये टोलवला जायला लागला. एका टेबलाचं म्हणणं, "बर्फाने सिग्नलला काही होत नाही, शून्य टाका." दुसऱ्या टेबलाचं म्हणणं, "रात्रीत ४० सेंटीमीटर पडतो ना? मग ४०० मिलीमीटर धरा, ही लिंक उभीच राहणार नाही." पहिल्याने सही करायची, दुसऱ्याने परत पाठवायचं. दोघंही आपापल्या परीने ठाम आणि दोघंही चूक.

दुसऱ्याचं आधी, कारण ते सोपं आहे. ताज्या बर्फाची घनता साधारण १०० किलो प्रति घनमीटर, पाण्याची हजार. म्हणजे ४० सेंटीमीटर ताजा बर्फ वितळवला तर सुमारे ४० मिलीमीटर पाणी. ते आठ-दहा तासांत पडलं तर ताशी ४-५ मिलीमीटर. गणितात हाच दर घालायचा, बर्फाची जाडी नाही. रिव्ह्यूला देताना "पाण्याच्या हिशेबात ताशी इतके मिमी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर कोणीतरी सेंटीमीटरचे मिलीमीटर करून दहापट पाऊस पाडतो.

पहिल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. कोरडा बर्फ या फ्रिक्वेन्सीला खरंच फारसा अडवत नाही. पाण्याचे रेणू लहरीच्या विद्युत क्षेत्राबरोबर फिरायला बघतात आणि त्या धडपडीत ऊर्जा खातात. शून्य अंशाजवळच्या पाण्यात हे शोषण ९ गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात असतं, म्हणजे आमचा १५ चा पट्टा त्याच्या तडाख्यात. बर्फात तेच रेणू जागेवर जखडलेले. या पट्ट्यात पाण्याची डायइलेक्ट्रिक संख्या (पदार्थ विद्युत क्षेत्राला किती साद देतो त्याचं माप) पंचवीसच्या वर, बर्फाची जेमतेम ३, आणि ऊर्जा गिळणारा भाग नगण्य. तेव्हा उणे दहा अंशांत भुरभुर पडणाऱ्या बर्फाला खरंच शून्याच्या जवळ धरता येतं. लेहसारख्या कोरड्या, उंच जागी एवढ्यावर भागतंही.

गोम आहे ती शून्य ते अधिक दोन अंशांच्या मधल्या पट्ट्यात. तिथे बर्फाचा पापुद्रा वितळायला लागतो, त्याच्या अंगावर पाण्याचा थर चढतो. आकार पापुद्र्याचा, मोठा. लहरीला मात्र तो पाण्याचा भलामोठा थेंबच दिसतो. शिवाय खऱ्या थेंबापेक्षा तो कितीतरी हळू उतरतो, म्हणून एकाच वेळी हवेत जास्त संख्येने असतो. पूर्ण वितळला की आकसतो, भरभर खाली येतो आणि साधा पाऊस होतो. हवामान रडारवर हाच थर चमकता पट्टा म्हणून दिसतो. पावसाळ्यात तो आपल्या नवी मुंबईवरही असतो, फक्त पाचेक किलोमीटर उंचीवर. खालच्या लिंकला त्याचं सोयरसुतक नाही. हिमाचलमध्ये जानेवारीत पश्चिमी विक्षोभ आला की तोच पट्टा थेट मास्टच्या उंचीवर येऊन बसतो.

किती फरक? आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.५३० शिफारशीत ओल्या बर्फासाठी एक गुणक दिलाय. लिंक पावसाच्या उंचीच्या (जिच्या खाली बर्फ वितळायला लागतो त्या पातळीच्या) वर असेल तर तो शून्य, १२०० मीटरपेक्षा जास्त खाली असेल तर एक, म्हणजे साधा पाऊस. मध्ये, दोनेकशे मीटर खाली, तो साडेतीनपर्यंत चढतो. ताशी ५ मिमी पावसाला १५ गिगाहर्ट्झवर किलोमीटरमागे ०.२७ डीबी जातात. साडेतीनने गुणलं की ०.९४, आणि १४ किलोमीटरचा अख्खा रस्ता त्या थरात सापडला तर १३ डीबी. २१ मधले १३ नुसत्या हवेतच गेले. दर ताशी ८ वर गेला तर मार्जिन संपलं.

हे सगळं कागदावर मांडूनही फॉर्म परत आला, कारण सॉफ्टवेअर म्हणत होतं ओल्या बर्फाचा लॉस शून्य. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून नीट सांगतो. आमच्या टेम्प्लेटमध्ये पावसाची उंची वर्षाच्या सरासरीवरून येते. त्या सरासरीत मान्सूनचे महिने आहेत, तेव्हा शून्य अंशाची रेषा साइटच्या खूप वर असते. सरासरी घेतली की लिंक त्या रेषेच्या बाराशे मीटरपेक्षा जास्त खाली दिसते, गुणक एक होतो, आणि अहवालात सुबक हिरवी खूण येते. मूळ पद्धत अशी नाही. तिच्यात पावसाची उंची सरासरीच्या वर-खाली हलवून, प्रत्येक उंचीला तिच्या शक्यतेचं वजन देऊन बेरीज करायची असते. आमच्या टेम्प्लेटने ती पायरीच गाळलेली. तुमच्याकडेही "कम्बाइंड रेन अँड वेट स्नो" अशी खूण बंद असेल तर आधी ती चालू करा आणि मग भांडायला जा. मी हा मुद्दा तोंडी सांगत राहिलो तोवर कोणी ऐकलं नाही. हिरव्या खुणेवर लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास असतो. डिसेंबर ते मार्चचा हिशेब वेगळ्या पानावर काढून, त्यावर "हिवाळी तपासणी" असं शीर्षक घालून जोडलं, तेव्हा कुठे दुसरं टेबल हललं. फॉर्मात रकाना नसेल तर "इतर लॉस" मध्ये आकडा घालून शेऱ्यात पानाचा नंबर द्यायचा. शेरा रिकामा ठेवलात की आकडा खोडला जातो.

पहिलं टेबल मात्र पँट्रीत हललं. कोणालाही पटवायचं असेल तर हे करून दाखवा. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये एका वाटीत पाणी आणि दुसऱ्या वाटीत फ्रीझरमधून थेट काढलेले, टिश्यूने कोरडे पुसलेले बर्फाचे खडे, दोन्ही एकदमच ठेवायचे. नुसता बर्फ ठेवू नका. ओव्हन जवळजवळ रिकामा चालल्यासारखा होतो आणि ते मॅग्नेट्रॉनला मानवत नाही. मिनिटभराने पाणी चांगलं कढत होतं, खडे बऱ्यापैकी तसेच. मग तेच खडे बाहेर ठेवून अंगावर पाणी सुटू द्या आणि पुन्हा फिरवा. आता ते झपाट्याने खचतात, कारण पाण्याचा थर ऊर्जा ओढतो आणि आतल्या बर्फाला वितळवतो. त्या टेबलाच्या साहेबांनी वाटी हातात धरून एवढंच विचारलं, "म्हणजे ओला झाला की संपलं?" तेवढंच हवं होतं.

यानंतरची आडकाठी होती "पावसाचं मार्जिन आहेच की, त्यातच बसेल." कागदावर बसतं. पण लिंक ९९.९९ टक्के वेळ चालू हवी, म्हणजे बंद पडायची सूट वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. मुसळधार पावसाचा फटका वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतो. ओला बर्फ डीबी कमी खातो, पण रात्रभर खातो. दर चढून मार्जिन ओलांडलं गेलं, की एका रात्रीत वर्षाचा कोटा खलास. त्यात डिशवर चिकटणारा बर्फ अजून धरलेलाच नाही.

हा चिकटलेला बर्फ वेगळा मोजा. पडणाऱ्या बर्फाचा लॉस बर्फ थांबला की जातो. रेडोमवर (डिशच्या झाकणावर) थापलेल्या ओल्या बर्फाचा जात नाही. रात्री गोठून कडक झाला की लिंक उलट सुधारते, आणि सकाळी ऊन आल्यावर, आभाळ स्वच्छ असताना, आरएसएल कोसळते, कारण तो थर आता पाझरतोय. मग एक मोठा तुकडा निसटतो आणि आलेख एका पायरीत वर जातो. ही पायरी दिसली की समजायचं, रेडिओ ठीक आहे, डिश झाकली होती. आम्ही दोन्ही टोकांचे मिळून ६ डीबी धरले. तेरा आणि सहा एकोणीस; २१ मध्ये उरले दोन. एवढ्या पातळ मार्जिनवर सही मागायची नाही.

तोडगा तीन ठिकाणी शोधला. ७ गिगाहर्ट्झ मिळालं असतं तर याच रस्त्यावर याच दराला ओल्या बर्फाचा लॉस एका डीबीच्याही खाली आला असता, पण तिथे मोकळा चॅनेल नव्हता. हीटर चांगला, पण धारेवरची साइट सोलरवर, आणि जेव्हा हीटर लागतो नेमकं तेव्हाच ऊन नसतं. शेवटी धारेवरची डिश १.२ मीटरची केली. ६ डीबी सरळ वाढले, मार्जिन २७. याची किंमत आहे : वाऱ्याचा भार वाढतो आणि बीम सव्वादोन अंशांवरून सव्वा अंशाच्याही आत येतो. मास्ट जरा पिळला तरी लिंक हलते. म्हणून मास्टचं बांधकाम-गणित बर्फाचा थर धरून नव्याने करून घ्या, तो कागद डिझाइनसोबतच द्या, नाहीतर त्यासाठी फॉर्म पुन्हा फिरतो.

आता सुचेल तसं. रेडोम कापडी, ताणलेला असेल तर वाऱ्याने फडफडून बर्फ झाडतो. कडक प्लास्टिकवर तो बसून राहतो. पाणी न धरणारा लेप उपयोगी आहे, पण उन्हाने उतरतो, दर ऑक्टोबरला पुन्हा द्यावा लागतो. डिश एकमेकींवर रोखायचं काम, अलाइनमेंटही, ऑक्टोबरातच आटपा. हिवाळ्यात धारेवर रिगर (मास्टवर चढून काम करणारा) चढवायची वेळ येऊ देऊ नका. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे खाली उतरतात. आत पाणी शिरून गोठलं की फुगतं आणि कनेक्टर उकलतो. उन्हाळ्यात लिंक "कधी चालते, कधी नाही" असं वागते आणि कारण सापडत नाही. केबलला ओडीयूच्या (डिशमागच्या, रेडिओच्या बाहेरच्या युनिटच्या) आधी खाली झुकणारा वळसा हवाच.

ओडीयूची खालची तापमान-मर्यादा डेटाशीटमध्ये बघा. बऱ्याच ठिकाणी उणे ३३ असते आणि या उंचीला ती पुरते. बॅटरीचं मात्र तसं नाही, थंडीत तिची क्षमता घटते, तेव्हा बॅकअपचे तास २५ अंशांच्या आकड्यावरून लिहू नका.

कुठल्या टोकाची डिश झाकली गेलीय हे त्या एका लिंकच्या आरएसएलवरून कळत नाही. रस्ता दोन्ही दिशांना तोच, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच पडतं. त्याच मास्टवरच्या दुसऱ्या लिंककडे बघा. तीही पडली असेल तर दोष त्या टोकाला.

आणि एटीपीसी, म्हणजे गरजेप्रमाणे पाठवायची पॉवर आपोआप कमी-जास्त करणारी सोय. महापेच्या एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) पडद्यावर फक्त आरएसएल दिसते. एटीपीसी चालू असताना बर्फ वाढेल तशी समोरची पॉवर वाढत जाते आणि आरएसएल शांत दिसते. पॉवर कमाल मर्यादेला टेकली की सगळं एकदम ढासळतं आणि रात्रपाळीचा मुलगा तिकिटावर "रेन फेड" (पावसाने सिग्नल घटला) लिहून मोकळा होतो. म्हणून ट्रान्समिट पॉवरचा आलेखही लावून घ्या, आणि पॉवर सलग दहा मिनिटं कमाल मर्यादेवर राहिली तर अलार्म वाजेल असं ठेवा. तिकिटाच्या ड्रॉपडाउनमध्ये "बर्फ" हा पर्याय घालायची विनंती मी दिलेली आहे. ती सध्या त्याच पहिल्या टेबलावर आहे.