सेल्फचा 'खट्'

दुपारच्या सामसुमीत कुणीतरी किल्ली फिरवतं आणि इंजिनाऐवजी नुसतं 'खट्' ऐकू येतं. निकाल तिथल्या तिथे लागतो: सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, गेला! बिचारा कितीदा तरी दुसऱ्याच्या पापाने बदलला जातो. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी ९.६ च्या खाली गेली, तर आधी तिच्याकडे बघावं. ती टिकली, तर व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावून पुन्हा सेल्फ मारावा. ०.५ व्होल्टच्या वर काटा गेला, तर खर्च अर्थिंगच्या वायरवर करावा.

बदलायचाच ठरला, तर नुसत्या मॉडेलच्या नावावर विसंबू नये. जुन्या इंजिनावर मधल्या काळात कुणी काय बसवलंय, देव जाणे. जुना खोलून नव्याशेजारी ठेवावा. पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात मोजावेत, ९ की १०? पिनियनच्या बाजूने बघून फिरण्याची दिशा, बोल्टची भोकं, बैठकीपासून पिनियनचं अंतर, सगळं जुळवावं. दातांचं माप चुकलेला सेल्फही कधीकधी बसतो, फिरतो, आणि मग रिंग गिअर, म्हणजे फ्लायव्हील या इंजिनाच्या जड चाकाभोवतीचं दातेरी कडं, खात सुटतो.

हल्ली रिडक्शन गिअरचा सेल्फ मिळतो, आतल्या गिअरने मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणारा. लहान, हलका, करंटही कमी ओढणारा. मोह होतोच. पण काही फार जुन्या गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह अर्थला असतं. फील्ड कॉइलच्या, म्हणजे तारेच्या गुंडाळीने चुंबकत्व मिळणाऱ्या सेल्फला त्याचं काही नसतं, उलट जोडला तरी तो त्याच दिशेने फिरतो. कायमच्या चुंबकाचा मात्र उलटा फिरतो, आणि नव्यांपैकी बरेचसे तसेच असतात. शिवाय पेट्रोल इंजिनात इग्निशन कॉइलला बॅलास्ट, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर असेल, तर सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फच्या विजेवर चालणाऱ्या स्विचवर, बऱ्याचदा तिसरी बारीक वायर असते, सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण व्होल्टेज देणारी. नव्या सेल्फवर त्या वायरचं टर्मिनलच नसलं, की इंजिन किल्ली सोडताक्षणी पकडतं, धरून ठेवली की रुसतं.

आणि फ्लायव्हील! चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनपुढे अडतं आणि बहुतेकदा समोरासमोरच्या त्याच दोन जागी थांबतं. तिथलेच दात झिजतात. सेल्फ काढलाच आहे, तर बॅटरीची वायर सुटीच ठेवून फ्लायव्हील हाताने पूर्ण एक वेढा फिरवून भोकातून बघावं.

जुना सेल्फ टाकू नये. कार्बन (ब्रश) आणि बुश (दांड्याची बेअरिंगं) बदलले की चालेलही कदाचित. नाहीतर दात पुन्हा मोजायला तरी.